शिळ्या पाण्याची लेखी तक्रार

अमरावती
गुरुवार, २२ मे २०२५

मनकर्णावहिनींस,

सोमवार, १२ मे २०२५, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ अंदाजाने लिहिलेली नाही. दाताच्या डॉक्टरने तासभर ताटकळत ठेवलं होतं, म्हणून रिक्षातून उतरताना मी घड्याळ पाहिलं. फाटक उघडलं तर माझे बाराही कॅन अंगणात उपडे, उन्हात.

प्रत्येकी वीस लिटर. दोन बायकांना प्यायला आणि स्वयंपाकाला दहा दिवस सहज पुरलं असतं. तुम्ही मोगऱ्याच्या आळ्याशी उभ्या होतात, शेवटच्या कॅनची धार सोडत. हे काय चाललंय, असं मी विचारलं. तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"नळाचा दिस हाये ना बाई आज. शिळं पानी कोन पिते?"

वहिनी, भाकरी शिळी होते. झाकून, सावलीत, औषधाचे थेंब टाकून ठेवलेलं पाणी शिळं होत नाही. हे मी तुम्हाला दोन वर्षं सांगत आले. ज्या शहरात नळ सहाव्या दिवशी येतो तिथे सगळी भांडी एकदम रिकामी करायची नाहीत. जुना कॅन आधी वापरायचा, तो धुवून भरायचा आणि रांगेच्या शेवटी ठेवायचा. भरताना गळ्यात तारखेची चिठ्ठी. तुमच्या किशोरच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका कापून मी दीडशे चिठ्ठ्या केल्या, भोकं पाडली, दोरे ओवले. तारखा तुमच्या अक्षरात, कारण हुकूम माझा होता. पहिल्या दिवशी तुम्ही हसलात. "पान्याचं बारसं करून राहिल्या का बाई?" मी हसले नव्हते. तुम्ही दर वेळी "हो बाई" म्हणालात, आणि मी दोन तास घराबाहेर गेले तेव्हा बाळापूरच्या माहेरी, माळ्याच्या घरात, शिकलात तेच केलंत: नवं पाणी यायच्या आधी जुनं झाडाला.

नळ आला नाही. संध्याकाळी बेबीताईने भिंतीवरून बातमी दिली की वरची मोठी लाइन फुटली आहे, आठवडा तरी जाईल. पुढे ती काय म्हणाली तेही लिहून ठेवते, म्हणजे विसरायला नको. "अकोल्यात प्याले पानी नाही अन् तुमच्या मोगऱ्याची आंघोळ झाली." शेजारणीने आपल्याला हसावं ही वेळ तुम्ही आणलीत. पारा पंचेचाळीसवर होता.

दादा गेल्यावर माझा इथला फ्लॅट बंद करून मी तुमच्याकडे आले ती नणंद म्हणून मिरवायला नाही. घरात एक शहाणं माणूस असावं म्हणून. दारामागे तातडीच्या नंबरांची यादी मी लावली. दोन टॉर्च, शिट्टी, आठवड्याची औषधं, मीठ-साखरेची पाकिटं, कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी, सगळं एका खोक्यात मी घातलं. हे कोणासाठी केलं, याचा विचार तुम्ही करावा.

१५ तारखेला दुपारी आपल्यात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्याचं कारण नाही. १६ तारखेला मी अमरावतीला आले.

मला तुमच्याकडून लेखी माफी हवी आहे. तुम्ही सातवी पास आहात, त्यामुळे लिहिता येत नाही ही सबब चालणार नाही. फोन तुम्ही उचलत नाही. टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या बाईला पोस्टाच्या रांगेत उभं राहावं लागलं, याचीही नोंद घ्यावी.

रागिणी

ता. क. पत्राच्या वर 'सा. न.' घालायचं मुद्दाम टाळलं आहे.


अमरावती
शुक्रवार, ३० मे २०२५

वहिनी,

आठ दिवस झाले. पत्र पोचल्याचं मला माहीत आहे, कारण मी बेबीताईला फोन केला होता. म्हणाली, "आलं ना. मनकर्णाबाईनं दोनदा वाचलं अन् पिठाच्या डब्याखाली ठेवलं." पिठाच्या डब्याखाली तुम्ही विजेची बिलंही ठेवता. म्हणजे पत्राचा मान कळला.

नळ २० तारखेला आला, हेही तिच्याकडूनच समजलं. म्हणजे मी निघाल्यावर आणखी चार दिवस तुम्ही एकट्या होतात. तुम्ही मला थांबा म्हणाला नाहीत, तेव्हा त्याचा दोष माझ्याकडे येत नाही.

काही सूचना देते. त्या पाळल्या की नाही ते कळवावं.

कॅन पुन्हा भरले असतील तर रोज एकच उघडा. झाकणाची आतली रबरी चकती दर महिन्याला काढून धुवा, घाण तिथे साचते. टॉर्चमधले सेल उलटे घालून ठेवले आहेत, म्हणजे खोक्यात पडल्या पडल्या चुकून लागून उतरायचे नाहीत. अंधारात तुम्ही बटण दाबत बसाल आणि मला शिव्या द्याल, म्हणून आधीच सांगते. सिलिंडर संपत आला की पेटत्या काडीने गळती बघायची नाही, साबणाचं पाणी लावायचं. हे तुम्ही बेबीताईलाही सांगा. तिच्या घरी काडीनेच बघतात. आणि बारा ते चार घराबाहेर पडायचं नाही. पडावंच लागलं तर डोक्याला ओला दुपट्टा. पदर नाही, ओला दुपट्टा.

इकडे मंगळवारी संध्याकाळी वादळ झालं. आमच्या बिल्डिंगसमोरचं झाड तारांवर पडलं आणि सगळी गल्ली काळोखात गेली. शाळेत आम्हाला सिस्टर क्लेअर महिन्यातून एकदा आगीच्या सरावाची घंटा वाजवून वर्गाबाहेर काढायच्या: रांगेत, न बोलता, हातातली वस्तू तिथेच टाकून. पुस्तकासाठी मागे वळणारीला शिक्षा. दादा सायकलवरून सोडायला आला की फाटकाबाहेर थांबून ही कवायत बघायचा आणि घरी जाऊन आईला चालून दाखवायचा. ती शिस्त माझ्या अंगात आहे. दिवे गेल्यावर चार सेकंदांत टॉर्च माझ्या हातात होती.

आणि मी मोठ्याने म्हणाले, "वहिनी, हलू नका, आले मी."

मग टॉर्च बंद केली. एकटीसाठी सेल कशाला जाळायचे.

इथे एक दिवसाआड नळ येतो. तरी मी बारा कॅन आणून मांडले आहेत. वापरायला रोज एक तांब्यासुद्धा लागत नाही, त्यामुळे चिठ्ठ्यांवरच्या तारखा बदलतच नाहीत. खोलीत कोणी बारशावरून टोमणे मारत नाही. घर अगदी शांत आहे, मला हवं होतं तसं.

माफीचं लेखी उत्तर येणं बाकी आहे.

रागिणी


अमरावती
शनिवार, ७ जून २०२५

वहिनी,

बेबीताईचा जावई तिवस्याला चालला होता, वाटेत त्याने तुमचा डबा दिला. "काकूनं दिला," एवढंच तो म्हणाला. उघडला तर मूगवड्या, काठोकाठ. मी डबा उलटा केला, झाकण पाहिलं, तळाचा कागद काढून पाहिला. चिठ्ठी नाही.

ही तक्रार क्रमांक दोन समजावी. वाळवण कधीचं, हे खाणाऱ्याला कसं कळणार? कागद २८ मेच्या वर्तमानपत्राचा होता, म्हणून मी तीच तारीख धरली. म्हणजे माझं पहिलं पत्र मिळून चार-पाच दिवस झाले होते. म्हणजे ते पिठाच्या डब्याखाली असतानाच तुम्ही मूग भिजवलेत, वाटलेत, गच्चीवर त्या उन्हात वड्या घालत बसलात. बारा ते चार घराबाहेर पडू नका हे मी ३० तारखेला लिहिलं, त्यामुळे नियम मोडला असं म्हणता येत नाही. पण तुम्ही तो मोडला असणार.

अर्ध्या वड्या संपल्या आहेत.

न्यायाने एक गोष्ट लिहायला हवी. पाणी नव्हतं त्या दिवसांत माझं खोकं तसंच बंद राहिलं. घर तुम्ही चालवलंत. पहिल्याच संध्याकाळी माळ्यावरून पळसाच्या पत्रावळ्या काढल्यात, म्हणजे ताटं धुवायला नकोत. भांडी राखेने कोरडी घासून उन्हात ठेवलीत. भाजी धुवायला पाणी जातं म्हणून गवारीच्या सुकवलेल्या शेंगा आणि वड्यांवर चार दिवस काढलेत. मी विचारलं होतं, हे कुठे शिकलात. तुम्ही म्हणालात, "शिकाले काय लागते? विहीर आटली का मायच्या घरी असंच करत." माझ्या सूचनांच्या यादीत यातलं काही नव्हतं. आता घातलं आहे, क्रमांक चौदा आणि पंधरा. शिळ्या पाण्याचा मुद्दा मात्र कायम आहे.

आता महत्त्वाचं. काल किशोरचा पुण्याहून फोन आला. "आत्या, मी शनिवारी, २१ जूनला, गाडी घेऊन अकोल्याला जातोय. आईला घेऊन येतो. घर भाड्याने देऊ. ती एकटी कशी राहणार तिथे?"

मी म्हटलं, आईला विचारलंस का?

"विचारलं. काही बोलतच नाही. म्हणते, बाईले इचार."

मला का विचारायचं? घर तुमचं, मुलगा तुमचा, मोगरा तुमचा. मी किशोरला सांगितलं की हा तुमच्या दोघांचा प्रश्न आहे आणि फोन ठेवला. मग लक्षात आलं की त्याच्या आवाजात काळजी होती आणि मी त्याच्याशी फार तुटकपणे बोलले. पुण्यात तो चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बंद पडली तर तुमचे गुडघे जिन्याने उतरायचे नाहीत. हे मी त्याला सांगायला हवं होतं.

तुम्हाला जायचं असेल तर खोकं सोबत न्या. तिकडे वीज जात नाही असं ते सांगतील. विश्वास ठेवू नका.

जायचं नसेल तर तसं कोणाला तरी सांगावं लागेल. नुसतं "बाईले इचार" म्हणून भागत नाही.

रागिणी


अमरावती
शुक्रवार, १३ जून २०२५

ती. मनकर्णावहिनींस सा. न.

हे चौथं पत्र. पहिल्या तिन्हींत जे लिहायचं टाळलं ते आता लिहिते.

गुरुवार, १५ मे, दुपारी दीड. कोपऱ्यावर टँकर आला होता. मी नको म्हटलं तरी तुम्ही दोन बादल्या घेऊन गेलात, डोक्यावर नुसता पदर. परत आलात तेव्हा चेहरा लालबुंद, घाम अजिबात नाही, आणि ओसरीत भिंतीला धरून खाली बसलात. एका बादलीतलं पाणी मात्र सांडू दिलं नाहीत. मी तुम्हाला आडवं केलं, ओली चादर टाकली, काखेत आणि मानेला गार फडकी लावली, उठून बसल्यावर मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजलं. सगळं नियमाप्रमाणे. मला वाटलं होतं, याही माणसाला मी घालवणार.

अर्ध्या तासाने तुम्ही डोळे नीट उघडून म्हणालात, "एवढं काहून घाबरता बाई, काही नाही झालं मले." तेव्हा मी बोलले. शब्द न शब्द लिहिते, कारण बोलताना कचरले नाही तर लिहिताना का कचरावं. मी म्हणाले, "तुमचं हे काही नाही झालं, काही नाही झालं, यानेच दादा गेला. त्या दिवशी आधी १०८ ला फोन केला असता तर आज तो असता."

तुम्ही मानेवरचं फडकं काढून बाजूला ठेवलंत. मग म्हणालात, "मले तेवढाच लंबर पाठ होता."

वहिनी, खरी तारीख १२ मे नाही. शुक्रवार, १९ मे २०२३, दुपारी दोन वाजून बारा मिनिटांपासून दोन एकतीसपर्यंत. अकरा फोन. दादाच्या छातीत कळ आली आणि तुम्ही मला लावलात, अमरावतीला, शंभर किलोमीटरवर. माणसं चूक म्हणतील. मीही म्हणाले. पण घरात फोन आला त्या दिवसापासून दादाने तुम्हाला एकच शिकवलं होतं: काही अडलं तर बाईला फोन कर, ती फोनवालीच आहे, ती सगळं जोडून देते. आणि मी जोडून देतही होते. सिलिंडरवाला, डॉक्टर, किशोरचं हॉस्टेल. एक फोन केला की काम व्हायचं.

त्या दुपारी मी आवाज बंद करून फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावला होता आणि झोपले होते. दुपारची झोप, दुसरं काही नाही. एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षं माझ्या बोर्डावरचा दिवा कधी उत्तराशिवाय राहिला नाही. चार वाजता चहा टाकायला उठले तेव्हा फोन पाहिला. तोवर बेबीताईने उघडं दार पाहून आत येऊन गाडी बोलावली होती, आणि उशीर झाला होता. मी डॉक्टरांना नंतर एकटी जाऊन भेटले. वीस मिनिटं आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. दोन वर्षं मी ते वाक्य घेऊन हिंडते आहे.

तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की फोन का उचलला नाही. म्हणून मी कॅन आणले, टॉर्च आणल्या, चिठ्ठ्या कापल्या. तुम्ही विचारलं असतं तर इतक्या गोष्टी आणाव्या लागल्या नसत्या.

दारामागच्या यादीत सगळ्यात वर मी १०८ लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच्याही वर पेन्सिलने 'बाई' आणि माझा नंबर. मी खोडला. आठवड्याने पुन्हा होता. पुन्हा खोडला. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी तुम्हाला सुनावलं की संकटात नातेवाईक कामाचे नसतात, आधी गाडी बोलवायची. नियम बरोबर आहे. पण मी खोडत होते ते नियमासाठी नाही. तो नंबर सगळ्यात वर पाहवत नव्हता मला.

१६ तारखेला पहाटे बॅग भरताना माझ्या उशाशी वाटी होती. मोगऱ्याने भरलेली. बारा कॅन पिऊन ते झाड वेडं झालं होतं, घरात तोंड धुवायला पाणी नव्हतं आणि फुलं ओंजळीत मावत नव्हती. आदल्या दुपारी मी तुम्हाला ते बोलले होते, तरी तुम्ही वाटी ठेवलीत. मी ती तशीच ठेवून निघाले, आणि नळाला पाणी नसलेल्या घरात तुम्हाला चार दिवस सोडून गेले. त्यातली दोन फुलं मात्र घेतली होती. चष्म्याच्या डबीत आहेत, तपकिरी झाली आहेत, टाकलेली नाहीत.

किशोरला मी आज पुन्हा फोन केला. आधी तुटकपणे बोलल्याबद्दल क्षमा मागितली. मग सांगितलं की २१ तारखेला यायचं असेल तर ये, पण आईचं उत्तर आल्याशिवाय तिचं सामान बांधायचं नाही. तो म्हणाला, "आत्या, तुम्ही दोघी मिळून काय ते ठरवा ना एकदाचं." पोरगा दादासारखा बोलतो.

माफीची मागणी मी मागे घेते. माफी मी मागते आहे, १९ मे २०२३ ची आणि १५ मे २०२५ ची. १६ मेचीही. १२ मेबद्दल माझं मत बदललेलं नाही.

या पाकिटात पत्रिकेची एक कोरी चिठ्ठी आहे, दोऱ्यासकट, आणि माझा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. लांब पत्र नको. चिठ्ठीच्या एका बाजूला मी अकोल्याला कोणत्या तारखेला यावं ते लिहा. येऊ नये असं असेल तर चिठ्ठी कोरीच पाठवा, मला समजेल. दुसऱ्या बाजूला दारामागच्या यादीत सगळ्यात वर काय आहे ते जसंच्या तसं उतरवून काढा. १०८ पहिला असू द्या. त्याच्या खालची जागा रिकामी आहे. पेन्सिलने नको, पेनने.

उत्तर गुरुवार, १९ जून, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. शुक्रवारचा एक दिवस मला कॅन रिकामे करायला लागेल. इथलं पाणी महिन्याचं झालं आहे आणि खाली बिल्डिंगच्या कुंपणाशी एक मोगरा आहे, कोणी त्याच्याकडे बघत नाही. बेबीताईकडे दिलेला तोंडी निरोप धरला जाणार नाही. फोन उशाशी असतो, आवाज पूर्ण वाढवून, दुपारीही. केलात तर पहिल्या घंटेला उचलीन. तरी उत्तर लेखीच हवं आहे, तुमच्या अक्षरात, गुरुवारी पाचच्या आत.

तुमची,
बाई